बुसानमध्ये राहिलेल्यांनो, कामाचं तेवढं सांगा

दक्षिण कोरियाची राजधानी सोलबद्दल पुष्कळ लिहून झालंय. बुसान वेगळं शहर आहे: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधल्या फटीत कोंबलेली वस्ती. इथे राहिलेल्यांनी बस, जेवण, कचरा, घर, बघायच्या जागा यांबद्दल नव्या माणसाला उपयोगी पडेल ते आपापल्या टोपणनावाखाली लिहा. ‘लोक फार प्रेमळ आहेत’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

डोंगरवाट

नकाशावर ४०० मीटर दिसले की चालत जाऊ म्हणू नका. कोरियन युद्धात बुसान तात्पुरती राजधानी होती. उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांनी जागा मिळेल तिथे डोंगरउतारावर घरं बांधली आणि त्या वस्त्या आजही नांदत्या आहेत. चारशे मीटरमध्ये दोनशे पायऱ्या सहज निघतात. गूगल मॅप्सवर पायी रस्ता धड मिळत नाही, नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप ही कोरियन ॲप घ्या. घर बघताना एजंट ‘स्टेशनपासून सात मिनिटं’ म्हणतो, तो उताराचा हिशेब असतो. पाच किलोची तांदळाची पिशवी घेऊन चढून बघा, मग अनामत द्या.

बस-मेट्रोचं टी-मनी कार्ड कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये मिळतं, पण त्यात पैसे भरायला रोकड लागते, म्हणून दहा हजार वॉनची एक नोट कायम जवळ असू द्या. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवा. त्यानंतर ३० मिनिटांच्या आत मेट्रो किंवा दुसरी बस पकडली तर भाड्यातला फरक तेवढाच कापला जातो. विसरलात तर पुन्हा पूर्ण भाडं. आणि बसमध्ये चढल्यावर आधी दांडी पकडा, सीट मागाहून शोधा. इथले ड्रायव्हर वळणावर फारसा विचार करत नाहीत.

गिम्हे विमानतळावरून लाइट रेल आहे. सासांगला उतरलात तर मेट्रोची दुसरी लाइन मिळते, देजोला तिसरी. टॅक्सीची गरज नाही.

शेंगदाण्याचं कूट

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा. ‘गोगी प्पे जुसेयो’ म्हणजे मांस काढून द्या. हे वाक्य पाठ करा, पण त्यावर विसंबू नका. हॅम, खेकड्याच्या चवीची कांडी आणि फिशकेक (माशाच्या लगद्याची वडी) यांना इथे कुणी ‘गोगी’ म्हणत नाही, त्यामुळे किंबापमध्ये, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या रोलमध्ये, ते तसेच राहतात. बुसान तर फिशकेकचंच शहर. सूपचं पाणी बहुधा सुक्या मांदेलीसारख्या छोट्या माशांचं असतं. नेहमीच्या किमचीत (आंबवलेल्या तिखट भाजीत) माशाचा रस किंवा खारवलेला जवळा असतो, अगदी आपला जवळाच. मिलम्योन या गव्हाच्या थंड नूडल्स दिसायला निरुपद्रवी, पण त्यांचं पाणी हाडामांसाचं.

मग खायचं काय? बिबिंबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, त्यातलं मांस आणि चालत नसेल तर अंडंही वगळून. पण तिखट लाल पेस्टमध्ये मांसाचा खिमा परतलेला असू शकतो, ती वेगळी मागून आधी बघा. बौद्ध मंदिरातलं जेवण सर्वांत निर्धोक. त्यात मांसमासे नाहीतच, शिवाय पाच उग्र वस्तू वर्ज्य: लसूण, पातीचा कांदा, दोन प्रकारची लसणीसारखी पात आणि चक्क हिंग. जैन मंडळींनी मात्र मुळा, बटाटा अशा कंदमुळांचं विचारून घ्यावं, ती चालतात.

घरी रांधायचं तर मुळा उत्तम मिळतो. अख्खे हिरवे मूग सुपरमार्केटात ‘नोक्दू’ नावाने असतात. तूरडाळ, उडीद, मोहरी यांसाठी शेजारच्या गिम्हे शहरात दोंगसांग-दोंगचा बाजार गाठा. तिथे दक्षिण आशियाई किराण्याची दुकानं आहेत. तांदूळ आखूड आणि चिकट. अर्धा तास भिजवून एकास एक पाणी घालून कुकरला लावा. फोडणीचा भात करायचा तर तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर त्याचा गोळा होतो. एका खोलीच्या घरात बहुतेक इंडक्शन असतं, ॲल्युमिनियमची कढई आणून उपयोग नाही.

ओला-सुका

कचऱ्याचं सांगतो, कारण नव्या माणसाचं शेजाऱ्यांशी पहिलं वाजतं ते इथेच.

साध्या कचऱ्याला सरकारी पिशवीच लागते. कचऱ्याच्या आकारमानानुसार पैसे घेण्याची ही पद्धत १९९५ पासून देशभर आहे. पिशवी तुमच्या ‘गू’ची, म्हणजे वॉर्डाची हवी. हेउंदे-गूची पिशवी नाम-गूत ठेवली तर ती तिथेच पडून राहते आणि वर स्टिकर चिकटतो. दुकानात काउंटरवर मागा, एकट्याला १० लिटरची पुरते.

ओल्या कचऱ्याचा नियम असा धरा: जनावराला खाता येईल ते ओलं. म्हणजे कांद्या-लसणाची सालं, अंड्याची टरफलं, हाडं, शिंपले, आंब्याची कोय, नारळाची करवंटी आणि चहाचा चोथा हे सगळं साध्या कचऱ्याच्या सरकारी पिशवीत. भाजीचे देठ, भात, आमटी ओल्यात, पण पाणी निथळून. मोठ्या सोसायटीत वजन करणारा डबा असतो. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं आणि वजनाप्रमाणे पैसे महिन्याच्या बिलात येतात. पारदर्शक पाण्याच्या बाटल्या वेगळ्या: लेबल सोलायचं, बाटली चेपायची, झाकण परत लावायचं. गादी, खुर्ची यांसाठी पैसे भरून स्टिकर घ्यावा लागतो.

बंदरकाठ

गाम्चोनची रंगीत वस्ती बघायला पहिल्या लाइनवर तोसोंग स्टेशन, एक्झिट ६, तिथून छोटी ‘माउल’ बस. जाताना बसने चढा, येताना पायी आमी-दोंगमधून उतरा. तिथे जपानी राजवटीतलं जपान्यांचं स्मशान होतं. निर्वासितांनी थडग्यांचे दगड पायाला आणि पायऱ्यांना वापरले. काही घरांच्या जोत्यात कोरलेली अक्षरं अजून दिसतात. मला विचाराल तर गाम्चोनच्या पुतळ्याशी फोटोसाठी रांग लावण्यापेक्षा हे बघा. दोन्हीकडे माणसं राहतात, खिडकीत कॅमेरा घालू नका.

जागाल्ची मासळीबाजारात तळमजल्यावर मासा निवडायचा, वरच्या मजल्यावर बसून खायचा. माशाची किंमत वेगळी आणि वर बसण्याचे, चटणी-पानांचे माणशी पैसे वेगळे. ते आधी विचारले नाहीत तर बिल बघून फसवल्यासारखं वाटतं. येओंगदो पूल (१९३४) जवळच आहे. त्याचा एक भाग शनिवारी दुपारी २ वाजता उचलतात, निघण्यापूर्वी वेळ तपासून घ्या. ग्वांगाल्ली किनाऱ्यावरचा ड्रोन शोही शनिवारीच, रात्री. संपला की मेट्रोत तुंबळ गर्दी होते, अर्धा तास किनाऱ्यावरच काढा.

दुसऱ्या लाइनवर देयोन स्टेशनजवळ संयुक्त राष्ट्रांची युद्धदफनभूमी आहे, जगात अशी एकच. आपली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५० मध्ये, याच बंदरात उतरली होती.

गरमपाणी

बुसानच्या दोंगने भागातल्या गरम पाण्याच्या हमामाबद्दल कुणीच लिहिलं नाही? बूट पहिल्या लॉकरमध्ये, कपडे दुसऱ्यात. सगळे कपडे, पोहण्याचा पोशाख चालत नाही. आधी बसून साबणाने आंघोळ, केस बांधलेले, मगच कुंडात. सोबतचा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुंडावर तापमान लिहिलेलं असतं. ४० अंशांच्या कुंडापासून सुरुवात करा, वीसेक मिनिटं बसा, त्वचा मऊ झाली की खरखरीत हिरवा ‘इटली टॉवेल’ हाताला चढवून साबणाशिवाय घासा. साबण लावला तर तो नुसता घसरतो, मळ निघत नाही. रक्तदाब असेल तर गरम कुंडातून थेट गार कुंडात उडी नको.

पाचवा मजला

@ओला-सुका, पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून शीग भरलेली पिशवीही उचलत नाहीत, तेही लिहा.

हिवाळ्याचं: घर तापवायला जमिनीखालून गरम पाणी फिरतं, खोली तापायला तासभर लागतो. थंडी वाजली की चालू, उकडलं की बंद असं केल्याने गॅसचं बिल फुगतं. १९-२० अंशांवर ठेवून सोडून द्या. बाहेरगावी जाताना बंद करू नका, ‘वेचुल’ (बाहेर गेलोय) बटण दाबा, नाहीतर कडाक्यात पाइप गोठतो. तूप, चॉकलेट, औषधं जमिनीवर ठेवू नका. आणि जून-अखेरीपासून महिनाभर पाऊस असतो तेव्हा कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे बुरशी धरते.