जुन्या डेस्कटॉपसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना एसएमपीएस आणि स्लॉटची मर्यादा कशी ओळखावी?

मंदगती (प्रश्न):

नमस्कार. माझ्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा आय५-४५९० हा प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ रॅम आणि २ जीबी मेमरी असलेले जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आहे. १०८०पी व्हिडिओंचे संपादन आणि अधूनमधून खेळ, एवढाच माझा वापर आहे. मात्र अलीकडे दोन्ही ठिकाणी संगणक अडखळू लागला आहे. संपूर्ण संगणक इतक्यात बदलायचा नसल्यामुळे केवळ कार्ड बदलावे, असा विचार असून आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड मनात आहे. अडचण अशी की त्या कार्डाला सहा पिनांची स्वतंत्र वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला) ती नाही. एसएमपीएसवर ४५० वॅट असे छापलेले आहे. हार्ड डिस्कच्या साटा वायरला जोडायचा कन्व्हर्टर मिळतो. तो वापरावा का?

अकरावाबिट:

कन्व्हर्टरचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू, कारण आपल्या मदरबोर्डासाठी हे कार्डच मला अयोग्य वाटते. आरएक्स ६५०० एक्सटीची सोनेरी पट्टी पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण त्या पट्टीवर माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस लेन केवळ ४ आहेत. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये या ४ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाते. आपला प्रोसेसर तिसऱ्या आवृत्तीचा वेग देऊ शकत असला, तरी एच८१ चिपसेट ग्राफिक्सच्या स्लॉटला दुसऱ्या आवृत्तीवरच अडवून धरतो, आणि तिथे त्याच ४ लेनमधून जेमतेम २ जीबी जाते. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की उरलेली माहिती याच चिंचोळ्या वाटेने रॅममधून आणावी लागते आणि चित्र झटके खाऊ लागते. आपण या कार्डाच्या वेगाचे तक्ते पाहिले असतील, तर ते बहुधा नव्या मदरबोर्डांवरचे असावेत. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारे (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणारे) हार्डवेअरच नाही, त्यामुळे संपादन करणाऱ्याने ते का घ्यावे, हे मला तरी उमगलेले नाही.

कार्ड ठरवण्याआधी एक चाचणी करून पाहावी. नेहमीचा खेळ १०८०पीवर चालवून दर सेकंदाच्या फ्रेमची (चित्रांची) संख्या लिहून ठेवा आणि मग बाकी काहीही न बदलता केवळ रिझोल्यूशन ७२०पीवर आणा. संख्या बरीच वाढली तर कार्ड कमी पडते आहे. जागची हलली नाही तर प्रोसेसर किंवा रॅम कमी पडते आहे आणि नव्या कार्डाने तिथे फारसे काही साधणार नाही.

तांब्याचीतार:

साटाचा कन्व्हर्टर कृपया वापरू नये. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर धरलेली असते, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट झाले. सहा पिनांच्या जोडणीतून मात्र कार्ड ७५ वॅटपर्यंत वीज मागू शकते. मी स्वतः असा कन्व्हर्टर लावला होता आणि तो पहिले काही आठवडे निमूटपणे चाललाही. मग एके दिवशी कॅबिनेटमधून जळकट वास आला आणि उघडून पाहिले तर काळ्या प्लास्टिकचा कनेक्टर एका बाजूने वितळून पिनांना चिकटलेला होता.

एसएमपीएसवर ठळक छापलेल्या ४५० या आकड्यालाही फारसे महत्त्व देऊ नये. त्याच लेबलावर लहान अक्षरांचा तक्ता असतो. त्यातील १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत, ते कळवावे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक तोच रकाना भागवतो.

मंदगती:

दोघांचेही आभार. लेबल वाचण्यासाठी एसएमपीएसचे चार स्क्रू काढून तो फिरवावा लागला, कारण लेबल नेमके कॅबिनेटच्या पत्र्याच्या बाजूला होते. १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर लिहिले आहे.

चाचणीही केली. पहिल्या खेळात १०८०पीवर २८ आणि ७२०पीवर ४७ फ्रेम मिळाल्या. दुसऱ्या खेळात, ज्यात गर्दीचे शहर आहे, ४१ वरून केवळ ४३ झाल्या.

तांब्याचीतार:

१८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. ४५० हा आकडा कुठून आला, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. आपल्या प्रोसेसरची औष्णिक मर्यादा ८४ वॅट आहे आणि स्लॉटमधूनच वीज घेणारे कार्ड ७५ वॅटच्या पुढे जात नाही. डिस्क आणि पंख्यांसाठी आणखी ३० धरले तरी बेरीज १९० च्या आसपास येते. कागदावर हे भागते, पण लेबलावरच एवढी फुगवाफुगवी असलेल्या जुन्या एसएमपीएसवर मी विसंबणार नाही. कार्डाबरोबर तोही बदलावा, असे माझे मत आहे.

अकरावाबिट:

मत रास्त आहे, परंतु सध्याचे ७५० टीआय हेसुद्धा ६० वॅटचे कार्ड असून हा एसएमपीएस ते आजवर पेलत आला आहे, हे विसरू नये. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॅटमध्ये चालतो आणि त्याच्या बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, म्हणजे भर पडते ती केवळ १० वॅटची. त्यामुळे कार्ड आधी आणि एसएमपीएस सवडीने, असा क्रमही चालू शकेल. ८ जीबीचा प्रकार मात्र चुकूनही घेऊ नये. त्याला वेगळी वायर लागतेच. नाव जवळजवळ एकच असल्यामुळे खोक्यावरील मेमरीचा आकडा नीट पाहावा.

या कार्डाला ८ लेन आहेत, म्हणजे आपल्या स्लॉटमध्ये सेकंदाला ४ जीबी. जीटीएक्स १६५० ला पूर्ण १६ लेन असल्याने वाट तिथे अधिक रुंद आहे, पण मेमरी ४ जीबीच. वाट रुंद असण्यापेक्षा त्या वाटेने जायची वेळच कमी येणे मला महत्त्वाचे वाटते, म्हणून मी ३०५० निवडेन. इंटेलची आर्क कार्डे या वयाच्या मदरबोर्डावर टाळावीत, कारण त्यांना पूर्ण वेगासाठी रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते आणि ती इथे नाही.

दुसऱ्या खेळाचा दोष कार्डाकडे जात नाही. रॅमची एकच पट्टी असल्यामुळे मेमरीचा एकच चॅनेल वापरला जातो. तशीच दुसरी पट्टी लावली तर बँडविड्थ (सेकंदाला जाऊ शकणारी माहिती) दुप्पट होईल. संपादनालाही १६ जीबीचा लाभ होईल.

तांब्याचीतार:

मॉनिटरची वायर कोणती आहे, तेही पाहून ठेवावे. ७५० टीआयच्या अनेक मॉडेलमधून साध्या जोडणीने व्हीजीए मिळत असे. नव्या कार्डांमधून ॲनालॉग सिग्नल बाहेरच पडत नाही, त्यामुळे मॉनिटर केवळ व्हीजीएचा असेल तर सक्रिय (डिजिटल सिग्नल ॲनालॉगमध्ये बदलणारा) कन्व्हर्टर लागतो. या कन्व्हर्टरला मात्र माझी हरकत नाही.

मंदगती:

कार्ड आणि रॅम दोन्ही बसवले असून एसएमपीएस पुढच्या महिन्यात बदलणार आहे. जुने कार्ड काढताना ते हलेनाच. स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची खिट्टी कार्डाखाली दडलेली होती आणि ती बोटाऐवजी मोजपट्टीच्या टोकाने दाबावी लागली. मॉनिटरला डीव्हीआय असल्यामुळे एचडीएमआय ते डीव्हीआय अशी साधी वायर पुरली. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला आणि मी घाबरलो, पण घाईत वायर कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या एचडीएमआयमध्ये खोचली होती.

पहिल्या खेळात त्याच सेटिंगवर आता ५८ फ्रेम मिळतात. गर्दीच्या शहरात केवळ कार्ड बदलल्यावर ४४ मिळाल्या आणि रॅमची दुसरी पट्टी लावल्यावर ४९.