शेवटून पहिला नंबर आणि त्याचा फायदा
"एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग) तळाच्या क्लबला ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांची, पहिली निवड मिळते आणि खालच्या विभागात घसरण्याची भीती नाही, मग मुद्दाम हरलेलंच बरं," असं काही जण म्हणतात. पण फायदा होतोच असं नाही, मेलबर्न क्लबचं उदाहरण बघा. सलग दोन हंगामांत १६ किंवा कमी गुण (विजयाला ४) मिळाले तर पहिल्या फेरीआधी एक जादा निवड, असा तेव्हा नियम होता. २००८ मध्ये त्यांचे ३ विजय, २००९ मध्ये ४. म्हणजे बरोब्बर १६! पहिल्या दोन्ही निवडी खिशात: स्कली आणि ट्रेन्गोव्ह हे खेळाडू. स्कली दोनच हंगामांत जीडब्ल्यूएस (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) या दुसऱ्या क्लबला गेला. २०१३ मध्ये मुद्दाम हरल्याचा ठपका आला नाही, पण क्लबला ५ लाख डॉलर दंड झालाच. विजेतेपद उजाडलं थेट २०२१ ला.

दुसरं, गुणतक्त्यातले गुण समान असले की टक्केवारी बघतात: सामन्यांत केलेले गुण भागिले खाल्लेले गुण, गुणिले १००. २०२२ ला नॉर्थ मेलबर्न आणि वेस्ट कोस्ट दोघांचेही २ विजय, पण टक्केवारीत मार खाल्ल्यामुळे लाकडी चमचा (म्हणजे शेवटचा नंबर) नॉर्थकडे. पुढच्याच वर्षी सिडनीने वेस्ट कोस्टला २०५-३४ असं धुतलं. अशा एका सामन्याने टक्केवारी पार झोपते.