पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर फॅटी लिव्हर?

प्रश्न: धाकट्या भावाची पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेली, हार्मोन्स बनवणारी ग्रंथी) गाठ काढून ४ वर्षं झाली. तो दारूला शिवत नाही, तळलेलं क्वचितच खातो, तरी सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आलंय. दोन्हींचा संबंध असेल का?

प्रतिसाद १: असू शकतो. पिट्युटरीतून येणारं ग्रोथ हार्मोन यकृतात नवी चरबी तयार होण्याला लगाम घालतं. ते कमी पडलं की पोटात आणि यकृतात चरबी साठते. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन पुरेसं आहे का याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) तपासलंय का?

प्रतिसाद २: आणि थायरॉइड! त्याचं हार्मोन यकृताला चरबी जाळायला लावतं. पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन) नॉर्मल दिसूनही थायरॉइडचं हार्मोन कमी असू शकतं. माझ्या आईचं असंच वर्षभर निसटलं, फार हाल झाले तिचे. फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन) बघाच.

प्रश्नकर्ता: आजवर फक्त टीएसएचच केलंय. सोमवारी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरकडे) नेतो त्याला.