चर्चा: दीड टीबीचं व्हीएम रोज पुण्याला चढवायचा हट्ट सोडा

चाटी_गल्ली
इथल्या, सोलापूरच्या कारखानदारांचं एकच मागणं असतं: "बॅकअप म्हणून सर्व्हर जसाच्या तसा रोज पुण्याला गेला पाहिजे." माझं मत, हा हट्ट आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं एखादं टॉवेल युनिट धरा. व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेलं आभासी मशीन, १.५ टीबी, अपलोड २० एमबीपीएस. लाइन क्षणभरही न थांबता भरून वाहिली तरी पहिला फुल बॅकअप ७ दिवस. दिवसा ई-वे बिलं काढायची असतात, म्हणून रात्री १० ते ६ धरलं तर रात्रीला ७२ जीबी, म्हणजे २१ रात्री. व्हीएमवेअरवर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) तितके दिवस स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, उघडा ठेवणार? नंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाइल फुगते आणि शेवटी मर्ज करताना मशीन गोठतं. इमेज, म्हणजे अख्ख्या मशीनची प्रत, ऑफिसातल्या नासवर (नेटवर्कवरची साठवणपेटी) ठेवा. पुण्याला फक्त डेटाबेसचा कॉम्प्रेस केलेला बॅकअप आणि लॉग (बदलांची नोंद) पाठवा.

रात्रपाळी
गणित बरोबर, निष्कर्ष चूक. पहिला फुल लाइनवरून पाठवायला सांगितलंय कोणी? यूएसबी डिस्कवर घ्या, एन्क्रिप्ट करा, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं माणूस पाठवा. चार तासांत १.५ टीबी म्हणजे ८०० एमबीपीएसच्या वर, तेही जनरलच्या तिकिटात! पुढे फक्त बदललेले ब्लॉक जातात. बदललेले ब्लॉक टिपून ठेवायची सोय व्हीएमवेअरला (नाव सीबीटी) २००९ पासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीला (नाव आरसीटी) विंडोज सर्व्हर २०१६ पासून.

आणि नुसती डेटाबेसची .बॅक फाइल घेऊन करणार काय? सर्व्हर जळाला त्या दिवशी विंडोज टाका, एसक्यूएल (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) टाका, ईआरपीचं (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) लायसन्स शोधा, आणि ज्यानं ते बसवलं तो फोन उचलत नाही. इमेज पुण्यात असेल तर तिथेच सुरू करायची, लोक रिमोटनं कामाला लागले.

चाटी_गल्ली
"फक्त बदललेले ब्लॉक" ऐकायला गोड आहे. एसक्यूएलचा रोजचा ६० जीबीचा बॅकअप त्याच व्हीएमच्या डी ड्राइव्हवर पडतो. कॉम्प्रेस केलेली फाइल, सगळे ब्लॉक नवे. तुमची ७२ जीबीची रात्र बहुतेक तिथेच संपली. त्यात कोणी आत डीफ्रॅग (डिस्कवरचा डेटा हलवून नीट लावणं) लावून ठेवलं असलं की बघायलाच नको.

रात्रपाळी
मग ती फाइल वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर टाका, ती डिस्क जॉबमधून वगळा. डीफ्रॅग बंद करा. ही घरातली आवराआवर झाली, लाइनचा दोष नाही.

मधला_मारुती
आरसिंकनं (फाइलमधला फक्त फरक पाठवणारं साधन) व्हीएमच्या डिस्कची फाइल पाठवली तर?

रात्रपाळी
चालू व्हीएमची? उघडेलच याची खात्री नाही अशी कॉपी मिळेल. शिवाय दोन्ही टोकांना अख्खी फाइल वाचत बसेल.

होटगी_रोड
दोघं एक गोष्ट सोडताय. प्रॉक्समॉक्सवरून (व्हीएमवेअरसारखंच व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) थेट पुण्याच्या बॅकअप सर्व्हरला जॉब लावला तर भोग व्हीएमला भोगावे लागतात. बॅकअप चालू असताना एखाद्या ब्लॉकवर नवं लिहायचं झालं, की जुना ब्लॉक आधी बॅकअपला पोचवावा लागतो, तोवर ते लिहिणं थांबतं. पुण्याची लाइन संथ, म्हणून इथला ईआरपी संथ. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीत, २०२४ मध्ये, फ्लीसिंग नावाची सोय आली. ती जुने ब्लॉक तात्पुरते जवळच्या डिस्कवर ठेवते. तरी माझं म्हणणं, बॅकअप आधी इथल्याच दुसऱ्या पेटीत घ्या आणि पुण्याच्या सर्व्हरनं तिथून ओढून घ्यावा. लाइन मध्येच तुटली तरी पोचलेले तुकडे परत जात नाहीत. आणि पुण्याचा पासवर्ड सोलापुरात नसला, तर इथे शिरलेल्या रॅन्समवेअरला तिकडचा रस्ता सापडणं अवघड.

चाटी_गल्ली
दुसरी पेटी! यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला नाही म्हणणाऱ्या मालकाला तुम्हीच सांगा. लाइट गेली, व्हीएम बंद पडलं, की प्रॉक्समॉक्सचा डर्टी बिटमॅप, म्हणजे कोणते ब्लॉक बदलले याची यादी, उडतो. पुढच्या रात्री १.५ टीबी पुन्हा पहिल्यापासून.

होटगी_रोड
पुन्हा *वाचतो*, पुन्हा *पाठवत* नाही. तिकडे असलेले तुकडे वगळले जातात. वाचणं इथल्या डिस्कवरच होतं. हं, तुकडा ४ एमबीचा असतो, त्यामुळे इकडेतिकडे थोडं थोडं लिहिणारा डेटाबेस फरक फुगवतो, हे मात्र मान्य.

रात्रपाळी
चाटी_गल्ली, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. सर्व्हर जळाल्यावर ईआरपी उभा कसा करणार?

चाटी_गल्ली
विंडोज आणि ईआरपीची डिस्क वेगळी, ८० जीबीची. तिची इमेज महिन्यातून एकदा पुण्याला, डेटाबेस रोज.

रात्रपाळी
म्हणजे इमेज जातेच की!

चाटी_गल्ली
जाते. गाडीनं, लाइनवरून नाही.

रात्रपाळी
आणि मधल्या महिन्यात ईआरपीला लावलेले पॅच?

चाटी_गल्ली
पॅचची फाइल त्याच रात्री डेटाबेसबरोबर जाते.

होटगी_रोड
ती पाठवायची आठवण कोण ठेवतं?