मदत हवी आहे: क्लॉक टॉवर – लॉराला वाचवता येतं का?

वेंगुर्ल्याहून लिहितोय. क्लॉक टॉवर हा जुना भीतीदायक व्हिडिओ गेम कुणी शेवटपर्यंत खेळलंय का? ह्यूमन एंटरटेनमेंटचा, १९९५ साली जपानात सुपर फॅमिकॉम या गेम कन्सोलवर आलेला. २०२४ मध्ये तो 'रिवाइंड' नावाने परत आला आणि तेव्हाच पहिल्यांदा अधिकृत इंग्रजीत मिळाला. मी तोच लॅपटॉपवर खेळतोय, मूळ मोडमध्ये.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: नॉर्वेत एक मोठा वाडा आहे. अनाथाश्रमातल्या चार मुलींना दत्तक म्हणून तिथे आणतात. जेनिफर म्हणजे आपण, लॉरा आणि अ‍ॅन तिच्या मैत्रिणी. हातात शस्त्र नाही. भली मोठी कात्री घेऊन एक जण मागे लागतो. आपण पळायचं, लपायचं आणि स्क्रीनवरचा बाण फिरवून खोलीतल्या वस्तू तपासायच्या. कोपऱ्यातल्या जेनिफरच्या चेहऱ्यामागचा रंग निळ्याकडून लालकडे जायला लागला की तिला कुठेतरी शांत बसवावं लागतं. एरवी संगीत जवळजवळ नसतंच, नुसती पावलं वाजतात. त्यामुळे रात्री कौलांवर पाऊस असताना कात्रीचा आवाज आला की पडवीतून माजघरात जायचीही हिंमत होत नाही.

गणपतीला मावसबहीण आली होती, दोघांनी मिळून सुरुवात केली. न्हाणीघरात पडद्यामागे लॉरा मेलेली सापडली तेव्हा बहिणीने लॅपटॉप बंद करायला लावला आणि बराच वेळ बोलली नाही. ती स्वतः वसतिगृहात राहते, मैत्रिणी म्हणजे तिचं घरच आहे. मुंबईला परत जाताना मी तिला शब्द दिलाय की दिवाळीत येशील तेव्हा लॉरा जिवंत दाखवीन.

त्यानंतर पाच वेळा खेळलो. दोनदा गाडीची किल्ली मिळाली म्हणून गाडीने पळालो, शेवट फार वाईट झाला. एकूण नऊ शेवट आहेत, त्यांना अक्षरांची नावं आहेत, त्यातला एस सगळ्यात चांगला, एवढं कळलंय. पण दर नव्या खेळात खोल्यांच्या जागा बदलतात, त्यामुळे वहीत काढलेला नकाशा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडत नाही.

अडकलोय ते इथे. कोठडीतला माणूस प्रत्येक वेळी जेनिफरला पकडतो, त्याचं काय करायचं? लॉरा आणि अ‍ॅन दोघी वाचतात का? आणि पिंजऱ्यातला कावळा सोडल्याने काही फरक पडतो का? सध्या म्हाळाचे दिवस आहेत. मागे बसलेल्या आजीने तो कावळा पाहिला आणि म्हणाली, "आदी त्येका सोड रे." मी सोडला, पण त्याच खेळात पुढे लवकर मेलो, त्यामुळे कळलं नाही.

कथेतलं रहस्य कृपया उघड करू नका, बहिणीला ते स्वतः बघायचंय.

खाडीकाठ: दादा, कोठडीतला माणूस उपाशी आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका, आधी हॅम (डुकराचं मांस) शोधा आणि त्याला द्या. मग तो बोलतो, आणि ते बोलणं चांगल्या शेवटासाठी महत्त्वाचं आहे.

मैत्रिणींचं असं आहे की जिचा मृत्यू तुम्ही डोळ्यांनी पाहिला ती गेली. एस शेवटासाठी दोघींपैकी एक तरी न पाहिलेली राहायला हवी. न्हाणीघर दिसलं तर त्या पडद्याला हात लावू नका. उत्सुकता आवरणं हाच इथला खरा खेळ आहे. गाडीत बसू नका. मैत्रिणींना मागे टाकून पळण्याचा तो शेवट आहे, म्हणून सगळ्यात खालचा, एच.

आजींचं ऐका, कावळा सोडाच. का ते शेवटी कळेल.

धागाकर्ता: खूप आभार, ताई की दादा ते कळलं नाही, माफ करा. हॅम दिलं, तो बोलला. पडद्याला हात लावला नाही, माऊस लांब सरकवून ठेवला होता. कावळाही सोडला. आता वर घड्याळाकडे जातोय. इतक्यात लाईट गेली, बॅटरी ३४ टक्के आहे, म्हणून सेव्ह करून ठेवतोय. बहिणीला फोन करून एवढंच सांगितलं की लॉरा अजून कुठे दिसलेली नाही.