शब्दचर्चा : सोशल सिक्युरिटी, एन्टायटलमेंट, रिलिजस राइट यांना मराठीत काय म्हणावं?

शब्दपारखी : अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटीवरून दोन पक्षांत चाललेल्या भांडणावर, आणि त्यात धार्मिक गटांनी घेतलेल्या भूमिकेवर, मराठीत लेख करायचा आहे. अडलेले शब्द : सोशल सिक्युरिटी, एन्टायटलमेंट, ट्रस्ट फंड, प्रायव्हटायझेशन, रिलिजस राइट. 'सामाजिक सुरक्षा' लिहिलं की वाचकाला संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजना आठवतात, 'पेन्शन' लिहिलं की जुनी पेन्शन योजना. मग काय लिहावं?

न्यूजर्सीकर : सोशल सिक्युरिटी हे विशेषनाम समजून तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात एकदा फोड करून सांगा : 'पगारातून कापलेल्या वर्गणीवर चालणारा सार्वजनिक वृद्धापकाळ विमा'. आपल्याकडचा पेन्शनचा वाद सरकार आणि त्याचे कर्मचारी यांच्यातला. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ला किंवा नंतर लागलेले जुन्या योजनेबाहेर राहिले, त्यावरून तो पेटला. सोशल सिक्युरिटीत गॅरेजमधला मेकॅनिक आणि बँकेचा उपाध्यक्ष दोघेही येतात.

लेखात पैसे कसे फिरतात ते द्याच, नाहीतर भांडण कळणार नाही. कामगाराच्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात, मालक तेवढेच घालतो. स्वयंरोजगारवाला पूर्ण १२.४ टक्के भरतो. २०२५ मध्ये ही कपात वर्षाच्या पहिल्या १,७६,१०० डॉलरपर्यंतच होती. पात्रतेला ४० क्रेडिट (वर्गणी भरून केलेल्या कामाचे गुण) लागतात आणि वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान १० वर्षं. रक्कम ठरवताना सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं धरून, जुनी कमाई वेतनवाढीच्या प्रमाणात वर आणून, महिन्याची सरासरी काढतात. तिच्या पहिल्या १,२२६ डॉलरचे ९० टक्के, तिथून ७,३९१ पर्यंतचे ३२ टक्के आणि वरच्याचे १५ टक्के (हे २०२५ चे टप्पे). कमी पगाराच्या माणसाला त्याच्या कमाईच्या मानाने जास्त मिळतं ते यामुळे. म्हणून ही बचत नव्हे, आणि वर्गणीशिवाय मिळत नाही म्हणून अनुदानही नव्हे. एक पक्ष पहिल्या अंगावर बोट ठेवतो, दुसरा दुसऱ्या.

कोशप्रेमी : 'एन्टायटलमेंट'ला सरसकट 'हक्क' लिहिलेलं दिसतं, ते मला साफ चुकीचं वाटतं. अर्थसंकल्पाच्या भाषेत त्याचा अर्थ इतकाच, की पात्र ठरलेल्या प्रत्येकाला पैसे द्यावेच लागतात, दरवर्षी वेगळी मंजुरी घ्यावी लागत नाही. मराठीत 'हक्क' म्हटलं की कोणी काढून घेऊ शकत नाही असा सूर लागतो. १९६० च्या फ्लेमिंग विरुद्ध नेस्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं. नेस्टर बल्गेरियातून आलेले, वर्षानुवर्षं वर्गणी भरलेले. तीसच्या दशकातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यत्वावरून त्यांना देशाबाहेर काढलं आणि त्यांचे हप्ते थांबवले. वर्गणी भरल्याने मालमत्तेसारखा हक्क तयार होत नाही, काँग्रेस म्हणजे अमेरिकी संसद कायदा बदलू शकते, असा निकाल लागला.

मी 'वैधानिक लाभ' सुचवतो. कायद्याने दिलेला, म्हणून कायद्याने बदलता येणारा. मात्र भाषण उद्धृत करताना वक्त्याचा शब्द जपा. रिपब्लिकन पुढारी 'एन्टायटलमेंट' म्हणतात तेव्हा खर्च आवाक्याबाहेर गेल्याची तक्रार त्यात असते; डेमोक्रॅट म्हणतात 'अर्न्ड बेनिफिट', म्हणजे 'कष्टाने कमावलेला लाभ'. दोन्हीकडे एकच मराठी शब्द टाकलात तर वादच पुसला जाईल.

न्यूजर्सीकर : कर की वर्गणी, याचंही तसंच. पगारपत्रकावरच्या फायका या कायद्याच्या नावात 'काँट्रिब्युशन' म्हणजे वर्गणी आहे. पण १९३७ च्या हेल्व्हरिंग विरुद्ध डेव्हिस खटल्यात सरकारने बाजू मांडली ती कर बसवण्याच्या अधिकारावर. लोकांना सांगताना विमा, न्यायालयात कर. ही दुहेरी भाषा सुरुवातीपासून आहे आणि आजचे दोन्ही पक्ष तिच्यातलं हवं ते उचलतात. सर्वसाधारण मजकुरात 'वर्गणी', कायद्याच्या संदर्भात 'वेतनकर' लिहा.

शब्दपारखी : आणि प्रायव्हटायझेशन?

कोशप्रेमी : २००५ ची लढाई बव्हंशी याच शब्दावर लढली गेली. तेव्हाचे अध्यक्ष, रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा प्रस्ताव असा होता : ५५ वर्षांखालच्या कामगाराने इच्छा असल्यास १२.४ पैकी ४ टक्क्यांपर्यंतची वर्गणी स्वतःच्या नावच्या खात्यात गुंतवावी. सुरुवातीला वर्षाला १,००० डॉलरची मर्यादा. बदल्यात नेहमीच्या लाभातून तेवढी रक्कम, महागाई वजा जाता ३ टक्के व्याजाने फुगवून, कापली जाणार. म्हणजे खात्याने त्याहून जास्त कमावलं तरच फायदा. विरोधक याला 'खाजगीकरण' म्हणत, व्हाइट हाउस 'वैयक्तिक खाती'. याची चाहूल आधीच लागली होती : केटो इन्स्टिट्यूट या मुक्त बाजारवादी अभ्याससंस्थेने २००२ मध्येच आपल्या प्रकल्पाच्या नावातून 'प्रायव्हटायझेशन' काढून 'चॉइस' घातलं.

तुम्ही निवेदनात 'खाते-योजना' लिहा. नुसतं 'खाजगीकरण' वाचून मराठी वाचकाला सगळी योजना कंपनीला विकणार असं वाटेल. नुसतं 'वैयक्तिक खाती' वाचून नेहमीचा लाभ तसाच राहून वर खातं मिळणार असं वाटेल. दोन्ही खरं नाही.

प्रभुवाणी : रिलिजस राइट. हे 'धार्मिक हक्क' असं छापलेलं मी पाहिलं आहे, म्हणून आधी तेवढं : इथे राइट म्हणजे उजवा. 'धार्मिक उजवे'ही मोघम. 'ख्रिस्ती उजवे' लिहा, कारण हा विशिष्ट राजकीय प्रवाह आहे : जेरी फॉलवेल यांची १९७९ ची मॉरल मेजॉरिटी, पॅट रॉबर्टसन यांची १९८९ ची ख्रिश्चन कोअलिशन, जेम्स डॉब्सन यांची फोकस ऑन द फॅमिली. त्याऐवजी 'चर्च' किंवा 'मिशनरी' लिहू नका. आर्थिक प्रश्नांवर कॅथलिक बिशपांची परिषद अनेकदा या प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला उभी असते, आणि कृष्णवर्णीय चर्चचे बहुसंख्य मतदार डेमोक्रॅट आहेत.

निवृत्तिलाभांशी त्यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, आणि लेखाचा गाभा मला तिथे दिसतो. त्यांचे अग्रक्रमाचे विषय गर्भपात, विवाह, शाळेतली प्रार्थना. जानेवारी २००५ मध्ये आर्लिंग्टन ग्रुप नावाच्या ख्रिस्ती उजव्या संघटनांच्या आघाडीने बुश यांचे सल्लागार कार्ल रोव्ह यांना पत्र पाठवलं. समलिंगी विवाहाविरुद्धच्या घटनादुरुस्तीसाठी अध्यक्ष जोर लावत नसतील, तर सोशल सिक्युरिटीच्या योजनेला आमची साथ गृहीत धरू नका, असा त्याचा आशय. आणि व्हाइट हाउस टाळत असलेला 'प्रायव्हटायझेशन' हाच शब्द त्या पत्रात होता. रिपब्लिकन युतीतल्या आर्थिक उजव्यांचं (खाते-योजना हवी असणाऱ्या बाजारवाद्यांचं) ध्येय ख्रिस्ती उजव्यांच्या दृष्टीने देवघेवीचं नाणं होतं. मराठीत 'उजवे' असा एकच शब्द वापरलात तर ही फट बुजेल. म्हणून 'आर्थिक उजवे' आणि 'ख्रिस्ती उजवे' असे दोन शब्द लेखभर वेगळे ठेवा.

करसल्लागार : याला लागूनच एक गोंधळ होतो. धर्माच्या कारणाने सोशल सिक्युरिटीतून सूट मिळते, ती ख्रिस्ती उजव्यांनी मिळवलेली नाही. ती आमिशांची, म्हणजे जुन्या साध्या राहणीला धरून असलेल्या एका ख्रिस्ती पंथाची. विमा म्हणजे देवावरचा अविश्वास, आणि घरच्यांची तरतूद घरच्यांनीच करायची ही १ तीमथ्य ५:८ ची शिकवण, म्हणून त्यांनी वर्गणी नाकारली. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियात वसुलीसाठी करखात्याने एका आमिश शेतकऱ्याचे तीन घोडे जप्त केले. १९६५ मध्ये कायद्यात सूट आली.

फॉर्म ४०२९ भरायचा. पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून अखंड अस्तित्वात हवा, आपल्या अवलंबितांना सांभाळणारा हवा, आणि अर्जदाराने सगळे लाभ सोडून द्यायचे. आधीची सूट स्वयंरोजगारवाल्यापुरतीच होती. १९८२ मध्ये युनायटेड स्टेट्स विरुद्ध ली खटल्यात आमिश मालकाला त्याच्या आमिश कामगारांची वर्गणी भरावीच लागेल असं ठरलं. १९८८ मध्ये काँग्रेसने मालक-कामगार दोघेही पंथातले असतील तर सूट दिली.

पाळकांसाठी (चर्चच्या धर्मगुरूंसाठी) फॉर्म ४३६१ वेगळा. धर्मसेवेतून ४०० डॉलर किंवा जास्त निव्वळ कमाई झालेल्या दुसऱ्या वर्षाच्या विवरणपत्राच्या मुदतीत तो द्यावा लागतो. सार्वजनिक विम्याला विवेकाने विरोध आहे असं त्यात जाहीर करावं लागतं. 'हे पैसे मी शेअरबाजारात चांगले वाढवीन' हे कारण चालत नाही, आणि एकदा मिळालेली सूट मागे घेता येत नाही. काही तरुण पाळक नेमकं इथे फसतात : तिशीत (मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याची वर्गणी धरून) १५.३ टक्के वाचतात, पासष्टीला मेडिकेअरच्या रुग्णालयविम्यासाठीही क्रेडिट नसतात. या दोन्हींना 'धार्मिक सूट' म्हणा, 'धार्मिक हक्क' नको.

न्यूजर्सीकर : ट्रस्ट फंडला 'विश्वस्त निधी' चालेल. पण त्यात नोटांच्या थप्प्या नाहीत, सरकारी तिजोरीचे खास रोखे आहेत. 'सोशल सिक्युरिटीचं २०३३ मध्ये दिवाळं' असं मराठीत लिहू नका. विश्वस्तांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे वृद्धापकाळ निधीची शिल्लक २०३३ मध्ये संपेल. वर्गणी चालूच राहील आणि तिच्यातून ७७ टक्के लाभ देता येतील. 'शिल्लक संपणं' लिहा. दिवाळं म्हटलं की शून्य असा अर्थ होतो, आणि त्या भीतीवर राजकारण चालतं.

शब्दपारखी : शेवटचं. अमेरिकेत सहा-सात वर्षं काम करून भारतात परतलेल्याची वर्गणी 'बुडाली' असं म्हणावं का?

करसल्लागार : 'अडकली' म्हणा. भारताशी अमेरिकेचा टोटलायझेशन करार नाही. तो असता तर दोन्ही देशांतली सेवा जोडून पात्रता ठरली असती. त्याला 'सेवा-जोड करार' म्हणता येईल. पण मिळवलेली क्रेडिट नोंदीतून जात नाहीत, पुन्हा येऊन काम केलं तर पुढे मोजणी चालू होते. ४० पूर्ण असतील तर भारतीय नागरिकाला पुण्यात राहूनही स्वतःचा लाभ मिळतो. परदेशस्थ अनिवासी म्हणून त्यातून साधारणपणे २५.५ टक्के कर आधीच कापला जातो, कारण ८५ टक्के रकमेवर ३० टक्के लागतो. पतीपत्नीपैकी अवलंबिताला मात्र सहसा अमेरिकेत ५ वर्षं राहिल्याची वेगळी अट आहे. भारतातल्या नोकरीची पेन्शन घेणाऱ्यांचा अमेरिकी लाभ ज्या विंडफॉल तरतुदीने घटत असे, ती ५ जानेवारी २०२५ ला सही झालेल्या कायद्याने रद्द झाली, तीही जानेवारी २०२४ च्या हप्त्यापासून. कोणाचा हप्ता अजून जुन्याच दराने येत असेल तर त्याने तो तपासून घ्यावा.