दूध बिलाच्या क्वेरीत रक्कम तिप्पट, कपात वीसपट येतेय (मायएसक्यूएल ८.०)

हिशेब_खिडकी

गावच्या दूध संकलन केंद्राचं दहा दिवसांचं बिल डेटाबेसमधून काढायची क्वेरी आहे. टेबलं तीन:

सभासद (सभासद_क्र, नाव)
दूध_नोंद (सभासद_क्र, वेळ, सत्र, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम). वेळ हा कॉलम डेटटाइम (तारीख आणि वेळ एकत्र) आहे, एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून इतर घन घटक.
कपात (सभासद_क्र, तारीख, कारण, रक्कम). कारण म्हणजे पशुखाद्य, उचल, औषधोपचार वगैरे.

सभासदवरून दूध_नोंद आणि कपात या दोन्हींना सभासद_क्र वर लेफ्ट जॉइन (डावीकडच्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारी जोडणी) केलाय. व्हेअरमध्ये डेट(वेळ) आणि कपातीची तारीख, दोन्ही १ ते १० जून बिटवीन. शेवटी ग्रुप बाय सभासद_क्र आणि दोन्ही रकमांची बेरीज.

११२ नंबरच्या सभासदाच्या २० नोंदी आहेत, दूध ८,४०० रुपयांचं. कपाती तीन: १,४५० + २,००० + १५० = ३,६००. म्हणजे देय ४,८०० यायला हवं. क्वेरी दाखवते दूध २५,२०० आणि कपात ७२,०००.

१२५ ची एकच कपात आहे, ५०० ची. त्याचं दूध बरोबर येतं, पण कपात १०,०००. ११८ ची या काळात एकही कपात नाही, तर तो यादीतच नाही.

बेरजेच्या आत डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणारा शब्द) घालून पाहिलं. ११२ ची कपात ३,६०० जुळली, दूध मात्र ७,९८० आलं. शिवाय क्वेरीला ३८ सेकंद लागतात. दूध_नोंदमध्ये साधारण १४ लाख रो (ओळी) आहेत, सभासद ३२०.

जॉइनचा_जाणकार

टेबलांची रचना, खरे आकडे आणि अपेक्षित उत्तर तिन्ही दिलंत, त्यामुळे दुखणं लगेच दिसतं. चुकीच्या आकड्याला बरोबर आकड्याने भागा: २५,२०० भागिले ८,४०० म्हणजे ३, आणि ७२,००० भागिले ३,६०० म्हणजे २०. दूध कपातींच्या संख्येइतक्या पटीने फुगलं, कपात दूध नोंदींच्या संख्येइतक्या. १२५ ची कपात एकच, म्हणून त्याचं दूध एकपट, म्हणजे बरोबर आलं.

कारण असं की दूध_नोंद आणि कपात यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, दोघांचा संबंध फक्त सभासदाशी. तरी एकाच जॉइनमध्ये दोन्ही आणल्यावर डेटाबेस प्रत्येक नोंदीसमोर प्रत्येक कपात मांडतो. ११२ साठी २० गुणिले ३, म्हणजे ६० रो झाले आणि बेरीज त्या ६० वर झाली. जॉइनची अट कितीही बदलली तरी हे सुटत नाही. बेरीज आधी आणि जोडणी नंतर, हाच इलाज.

डिस्टिंक्ट कृपया काढून टाका. तो रो ओळखत नाही, फक्त किंमत पाहतो. ११२ च्या दोन सत्रांची रक्कम सारखीच ४२० असणार, त्यातली एक गळली, म्हणून ७,९८०. कपात जुळली ती तिन्ही आकडे वेगळे होते म्हणून. उद्या कुणी एका बिलात १,४५० ची दोन पोती नेली तर एकच कापली जाईल, आणि ही चूक वीसपट रकमेसारखी डोळ्यात भरणारी नाही. पैशांच्या हिशेबात अशी मुकी चूक जास्त घातक.

अशी लिहा (कीवर्ड, आकडे नेहमीच्या इंग्रजी लिपीत टाइप करा):

विथ दू अ‍ॅज (
  सिलेक्ट सभासद_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण
  फ्रॉम दूध_नोंद
  व्हेअर वेळ >= '२०२५-०६-०१' अँड वेळ < '२०२५-०६-११'
  ग्रुप बाय सभासद_क्र
),
क अ‍ॅज (
  सिलेक्ट सभासद_क्र, सम(रक्कम) अ‍ॅज एकूण
  फ्रॉम कपात
  व्हेअर तारीख >= '२०२५-०६-०१' अँड तारीख < '२०२५-०६-११'
  ग्रुप बाय सभासद_क्र
)
सिलेक्ट स.सभासद_क्र, स.नाव,
  कोअ‍ॅलेस(दू.एकूण, ०) अ‍ॅज दूध,
  कोअ‍ॅलेस(क.एकूण, ०) अ‍ॅज कपात,
  कोअ‍ॅलेस(दू.एकूण, ०) - कोअ‍ॅलेस(क.एकूण, ०) अ‍ॅज देय
फ्रॉम सभासद स
लेफ्ट जॉइन दू ऑन दू.सभासद_क्र = स.सभासद_क्र
लेफ्ट जॉइन क ऑन क.सभासद_क्र = स.सभासद_क्र;

आता दू आणि क दोन्हीकडे एका सभासदाचा जास्तीत जास्त एकच रो आहे, त्यामुळे गुणाकाराला जागाच उरत नाही.

११८ का गायब झाला तेही यातच आहे. लेफ्ट जॉइन त्याला नल (रिकाम्या) कपातीसह ठेवतो, पण व्हेअरमधली तारखेची अट नलवर खरी ठरत नाही, म्हणून तो पुढच्याच पायरीला वगळला जातो. उजव्या बाजूच्या टेबलावरची अट व्हेअरमध्ये गेली की लेफ्ट जॉइन इनर जॉइनसारखाच (दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी ठेवणारा) वागतो. वर ती अट आतल्या क्वेरीत गेल्यामुळे हा प्रश्न मिटतो. कोअ‍ॅलेस (नलच्या जागी ० देणारं फंक्शन) विसरलात तर ११८ यादीत येईल, पण देय रिकामं दिसेल, कारण नल वजा केला की उत्तरही नलच.

विथ (आतल्या क्वेरीला आधीच नाव देणारा भाग) मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आहे. ५.७ वर असाल तर त्याच दोन क्वेरी कंसात घालून लेफ्ट जॉइनच्या पुढे ठेवा, उत्तर तेच.

इंडेक्स_आधी

वेगाबद्दल. डेट(वेळ) लिहिलं की वेळ कॉलमवरचा साधा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) त्या अटीसाठी वापरता येत नाही, कारण इंडेक्समध्ये मूळ किंमत असते, डेटने कापलेली नसते. वरच्या उत्तरात वेळ कॉलम उघडा ठेवलाय, तो मुद्दाम.

पण इथे एक खड्डा आहे. फक्त डेट() काढून बिटवीन तसाच ठेवलात तर '२०२५-०६-१०' चा अर्थ १० तारीख सुरू होतानाची मध्यरात्र (००:००) असा होतो, आणि १० तारखेचं सकाळ-संध्याकाळ दोन्ही सत्रांचं दूध बिलातून जातं. त्यामुळे ११ तारखेपेक्षा कमी, अशीच अट ठेवा. महिन्यातल्या तिसऱ्या बिलाला याचा जास्तच उपयोग: पुढच्या महिन्याच्या १ तारखेपेक्षा कमी लिहिलं की महिना २८, ३० की ३१ चा, हे बघावं लागत नाही.

इंडेक्स (वेळ, सभासद_क्र, रक्कम) या क्रमाने करा. (सभासद_क्र, वेळ) हा क्रम एका सभासदाचा उतारा काढायला उत्तम, पण इथे सगळे सभासद आणि थोडेच दिवस हवेत, म्हणून वेळ पुढे. तिन्ही कॉलम इंडेक्समध्येच असल्याने मूळ टेबल उघडावंही लागत नाही. क्वेरीच्या आधी एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारा शब्द) लावून पाहा: दूध_नोंदच्या ओळीत टाइपखाली 'ऑल' ऐवजी 'रेंज' आणि एक्स्ट्रामध्ये 'युझिंग इंडेक्स' दिसायला हवं.

रक्कम कॉलम फ्लोट (दशांश आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) आहे का तेही बघा. असेल तर डेसिमल(१०,२) करा, नाहीतर बेरजेत पैशांचा फरक पडत राहील.

हिशेब_खिडकी

११२ चं देय ४,८०० आलं, १२५ ची कपात ५००, ११८ यादीत आला. वेळ एका सेकंदाच्या आत. रक्कम खरंच फ्लोट होती, बदलली. दोघांचे आभार. आता दोन सभासदांचं देय उणे दिसतंय. जनावरं भाकड असल्याने दूध नाही, पण उचल आहे. शिवाय एकच नोंद दोनदा सेव्ह होते कधी कधी, तिला कसं अडवायचं?

जॉइनचा_जाणकार

उणे आकडा बरोबरच आहे, तो शून्य करून दडवू नका. येणे बाकी म्हणून पुढच्या बिलाच्या कपातीत वेगळ्या कारणाने नोंदवा. तिथे तारीख पुढच्या बिलाचीच टाका, नाहीतर चालू बिल परत काढलं की तीच रक्कम दोनदा मोजली जाईल.

दुबार नोंदीसाठी युनिक की (तेच कॉलम जुळणारी दुसरी नोंद नाकारणारा नियम) लावा, पण (सभासद_क्र, तारीख, सत्र) एवढीच नको. एकच सभासद गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच सत्रात घालतो, त्याची दुसरी कॅन नाकारली जाईल. प्रकार कॉलम कीमध्ये हवाच. वेळ डेटटाइम असल्याने सेकंदाच्या फरकाने दुबार नोंद कीतून निसटेल, म्हणून वेळेवरून तयार होणारा तारखेचा जनरेटेड कॉलम करून तो कीमध्ये घाला. आधी त्याच चार कॉलमांवर ग्रुप बाय करून हॅविंग काउंट(*) > १ ने जुन्या दुबार नोंदी काढा. त्या असेपर्यंत युनिक की तयारच होणार नाही. सरसकट डिलीट मारू नका, लिटर आणि फॅट दोन्ही जुळतात का ते पाहूनच एक काढा. ते वेगळे असतील तर बहुधा दुसऱ्या कुणाची नोंद चुकीच्या क्रमांकावर पडली आहे, आणि ते दूध त्या माणसाच्या बिलात गेलं पाहिजे.

इंडेक्स_आधी

बिल वाटण्याआधी एक पडताळणी दर वेळी लावा: फक्त दूध_नोंदवर, कुठलाही जॉइन न करता, त्याच तारखांची एकूण रक्कम काढा आणि ती बिलाच्या यादीतल्या दूध कॉलमच्या बेरजेशी जुळवा. नोंदींची रक्कम जास्त निघाली तर सभासद टेबलात नसलेल्या क्रमांकावर दूध पडलंय. ते शोधायला दूध_नोंदवरून सभासदला लेफ्ट जॉइन करा आणि स.सभासद_क्र इज नल ही अट व्हेअरमध्ये घाला. ती जुळणी झाली की सभासद_क्र ला फॉरेन की (सभासद टेबलात नसलेला क्रमांक नाकारणारा नियम) लावून टाका.